उसनी विमानं आणि आमची जाळी

माझ्या नेटाआत्याला चोर ठरवायला निघाले होते ते पत्र्याच्या एका तुकड्यावरून. तो तुकडा समुद्राच्या तळातून वर आला, आणि येताना माझ्या आजोबांचं जाळं फाडून, त्यांच्या बोटीवरच्या डॉड स्लेटरची दोन बोटं घेऊन आला. हे सगळं होईपर्यंत मी जन्मलेही नव्हते. पण आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मला तो राग माझाच वाटतो.

नेटा फ्लेट, माझ्या बाबांची थोरली बहीण. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आमच्या पोर्टगॅरीच्या धक्क्यावर बाकीच्या पोरींबरोबर हेरिंग मासे साफ करायची. बोटांना चिंध्या गुंडाळून, उभ्याउभ्या, मिनिटाला पन्नास मासे. त्रेचाळीस साली ती बायकांच्या नौदलात भरती झाली. तिचे हात बघून तिथल्या माणसाने तिला विमानं दुरुस्त करायला शिकायला पाठवलं.

तिची नेमणूक घरापासून वीस मैलांवरच्या विमानतळावर झाली. तिथे अमेरिकेची विमानं होती. इंग्लंडकडे जहाजांवरून उडणारी चांगली लढाऊ विमानं पुरेशी नव्हती, म्हणून ती अमेरिकेकडून उसनी घेतलेली. लांबलचक नाक, मध्येच वाकलेले पंख. आमच्या जहाजांच्या पोटातली छतं बुटकी, दुमडलेले पंख छताला लागायचे, म्हणून पंखांची टोकं वीतवीतभर कापलेली. उतरताना नाकामुळे वैमानिकाला पुढचं काही दिसायचं नाही. पोरं वळण घेत, तिरकी मान करून उतरायची. सगळीच नीट उतरली नाहीत.

रॉय टिंकलर नावाचा न्यूझीलंडचा पोरगा ती सांभाळायची त्या विमानाचा वैमानिक होता. एकदा तो एकाच चाकावर उतरला आणि डाव्या पंखाच्या मुळाशी पत्रा फाटला. आत्याने तीन दिवस खपून ठिगळ मारलं आणि रिवाजाप्रमाणे आतल्या बाजूला तारीख अन् स्वतःची आद्याक्षरं कोरली. रॉयने ठिगळावर टिचकी मारून बघितली.

"विमान अमेरिकेचं, रंग इंग्रजांचा, चालवणारा न्यूझीलंडचा आणि ठिगळ स्कॉटलंडचं," तो म्हणाला. "नेटा, ह्यातलं ठिगळ तेवढं टिकेल बघ."

"तू धड उतरायला शिक, म्हणजे सगळंच टिकेल," आत्या म्हणाली.

रॉय पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका विमानातून समुद्रात पडला. तो सापडला नाही.

पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये लढाई संपली आणि उसनवारीच्या अटी पुढे आल्या. जे विमान वापरात आहे ते परत तरी करा, विकत तरी घ्या, नाहीतर नष्ट करा. अमेरिकेला ती परत नको होती. इंग्लंडची विकत घ्यायची ऐपत नव्हती. हुकूम आला: सगळी समुद्रात बुडवा.

आत्याने आदल्याच आठवड्यात एका विमानाला नवं इंजिन बसवलं होतं. तेही यादीत होतं. ती सरळ सामानाच्या अधिकाऱ्याकडे गेली. पेनराइस नाव त्याचं.

"साहेब, विमानं बुडवायची तर बुडवा. पण प्रत्येक विमानात एक रबरी होडी आहे, हवा भरायच्या बाटलीसकट. आमच्या गावातल्या एकाही मच्छीमार बोटीवर तसली होडी नाही. त्या तेवढ्या काढून द्या."

"त्या होड्या अमेरिकेच्या आहेत, फ्लेट."

"मग अमेरिकेला विचारा."

"अमेरिकेला त्या नको आहेत."

"तुम्हाला नको, त्यांनाही नको. मग आम्हाला द्यायला काय हरकत आहे?"

"नियमात बसत नाही," पेनराइस म्हणाला. "एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही. आणि हे बघ, कुणी काढलाच तर ती चोरी धरली जाईल."

"बुडवणार कुठे, तेवढं तरी सांगा."

"खोल पाण्यात. तुम्हा लोकांच्या वाटेत येणार नाहीत."

विमानं ट्रकवरून बंदरात गेली, तिथून एका जहाजावर. चांगली धडधाकट विमानं, नव्या टायरांची, तेलपाणी केलेली. आत्या म्हणायची, त्या दिवशी तिला रडू आलं नाही, संताप आला. आपल्या हातांची किंमत एवढीच, हे तिला पचलं नाही.

खोल पाणी! त्या वर्षीचा हिवाळा वाईट होता. जहाजाला लवकर परतायचं होतं की कप्तानाला वादळाची भीती वाटली, देव जाणे. पुढच्या एप्रिलमध्ये आजोबा आपली बोट 'जेसी ॲन' घेऊन हॅडॉक मासे धरायला नेहमीच्या जागी गेले. तळाची वाळू अशी साफ, की माझे पणजोबाही तिथेच जाळं ओढायचे. जाळं अडकलं. दोर ताणला गेला, बोट एका अंगावर कलंडली आणि पाणी कठड्यावरून आत आलं. डॉड स्लेटर दोर सोडवायला धावला, तेवढ्यात दोर सटकला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बोट वाचली ती केवळ जाळं फाटलं म्हणून.

फाटक्या जाळ्यात निळसर रंगाचा, वाकलेला पत्रा होता. आत्या तोवर नौदलातून सुटून घरी आलेली. तिने धक्क्यावरच तो उलटा केला आणि शेवाळ पुसलं. तारीख होती. एन. एफ. होतं.

"बाबा," ती आजोबांना म्हणाली, "हे माझं ठिगळ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, आजोबा आणि हाताला बँडेज बांधलेला डॉड, तिघंही नौदलाच्या कचेरीत गेले. डॉक्टरने डॉडला झोपून राहायला सांगितलं होतं. तो ऐकेना. टेबलामागे पुन्हा पेनराइसच होता, आता हुद्द्याने आणखी एक पायरी वर चढलेला.

"त्या जागी एकही विमान टाकलेलं नाही," त्याने नकाशाकडे न बघताच सांगितलं.

आत्याने पत्रा टेबलावर आपटला. त्याच्या कागदांवर चिखल उडाला. पेनराइसने अक्षरं बघितली, तारीख बघितली. त्याचा चेहरा पडला, मग एकदम कडक झाला.

"हे सरकारी सामान तुमच्याकडे कसं आलं, बाई? हे जवळ ठेवणं म्हणजे चोरी आहे. मी पोलिसांना बोलावू शकतो."

डॉडने बँडेजचा हात पुढे केला. "माझी दोन बोटंही तुमच्या त्या सामानातच अडकलीत, साहेब. ती कुणी चोरली, तेही लिहून घ्या."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"बोलवा पोलिसांना," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. आजोबा सांगायचे, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "न्यायाधीश विचारतील, पत्रा कुठून चोरला. मी सांगेन, आमच्या हॅडॉकच्या जागेवरून. मग ते तुम्हाला विचारतील, तो तिथे कसा आला. तिथे विमानच नाही म्हणता, तर मी तिथून चोरलं काय, साहेब?"

पेनराइसने कागदांवरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "तुम्हाला हवंय काय?"

"विमानं कुठे कुठे टाकलीत, त्या खुणा आमच्या नकाशावर करून द्या. बाकी काही नको."

"ती माहिती गुप्त आहे."

"लढाई संपून आठ महिने झाले! गुप्त कुणापासून? हॅडॉकपासून?"

पोलीस आले नाहीत. खुणाही मिळाल्या नाहीत. जाळ्याची भरपाई नाही, डॉडला दमडी नाही, माफीचा शब्दही नाही. महिन्याभराने एक पत्र आलं, की सदर तक्रारीची चौकशी झाली असून त्यात तथ्य आढळलेलं नाही. आजोबांनी ते वाचलं आणि चुलीत टाकलं. आत्याने ते चिमट्याने बाहेर ओढलं आणि विझवलं. "असू दे," ती म्हणाली. "पुढे कुणी म्हणायला नको, की आम्ही विचारलंच नाही."

मग तिने स्वतःच कामाला हात घातला. सायकलवरून एकेक बंदर पालथं घातलं, प्रत्येक बोटीच्या मालकाला गाठलं. जाळं कुठे अडकलं? किती खोल? चर्चचा मनोरा कुठल्या टेकडीच्या रेषेत दिसत होता? सुरुवातीला लोक आपल्या जागा सांगायला तयार नव्हते. मच्छीमार आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. तेव्हा ती डॉडला बरोबर न्यायला लागली. डॉड नुसता चहाचा कप उजव्या हातात धरायचा प्रयत्न करायचा. मग लोक सांगायचे.

दोन वर्षांत सतरा जागा झाल्या. तिने मोठा नकाशा काढून मासळीबाजाराच्या भिंतीवर ठोकला. नौदलाचा माणूस तो काढायला आला, तेव्हा मासे साफ करणाऱ्या बायका हातातल्या सुऱ्या खाली न ठेवता भिंतीपुढे उभ्या राहिल्या. "काय हवंय, बाळा?" त्यातल्या एकीने विचारलं. तो गेला. पोर्टगॅरीच्या प्रत्येक बोटीने त्या नकाशाची नक्कल उतरवून घेतली. त्यानंतर त्या विमानांत जाळं अडकून आमचं एकही माणूस दगावलं नाही.

डॉडला पुन्हा दोर धरता आला नाही. तो मासे धुरावर वाळवायच्या शेडमध्ये कामाला लागला. समुद्राकडे पाठ करून बसायचा. हे मी स्वतः पाहिलंय.

आत्या मोटारी दुरुस्तीच्या दुकानात नोकरी मागायला गेली, तर मालक हसला. "बाई आणि इंजिन?" दोन वर्षं तिने शत्रूशी लढणाऱ्या विमानांची इंजिनं सांभाळली होती, आणि हा त्या काळात घरी बसून मोटारींना पॉलिश करत होता. ती बाहेर पडली आणि आजोबांच्या बोटीचं डिझेल इंजिन उघडून बसली. पुढची पस्तीस वर्षं आमच्या बंदरातल्या बोटींची इंजिनं तिच्याच हाताखाली चालली.

ती साठीची झाली, तेव्हा नौदलाचा एक तरुण अधिकारी युद्धातल्या बायकांच्या सत्काराचं निमंत्रण घेऊन घरी आला. मला आठवतंय, पोरगा चांगला होता, गालांवर लाली. आत्याने त्याला चहा दिला, ओटची भाकरी आणि चीज दिलं, त्याच्या आईची चौकशी केली. मग निमंत्रण परत त्याच्या हातात ठेवलं.

"तुझा राग नाही रे," ती म्हणाली. "पण तुझ्या साहेबांना सांग, टाळ्या नकोत. डॉडच्या दारात जाऊन माफी मागा."

डॉडच्या दारात कुणी गेलं नाही. तो पुढच्या हिवाळ्यात वारला.