टेसाचं मधलं नाव

ओझेला टॅकेटला मधलं नाव नव्हतं. बापानं ठेवलंच नाही. "पोरीला कशाला? लग्न झालं की नवऱ्याचं आडनाव लागेल, आपलं मध्ये सरकेल, भरेल जागा," म्हणाला होता. लग्न झालं नाही. केंटकीच्या डोंगरात साठीला आलेली ओझेला अजून दोनच शब्दांत सही करायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिनं पोरांना वाढलं, आणि बहीण मेल्यावर तिची चार वर्षांची शेल्बी घरी आणून मोठी केली.

आता शेल्बीला आठवा लागला होता. मुलगी होणार, नाव टेसा, हे ठरलेलं. मधलं राहिलं होतं. ते आमच्याकडे कागदावर ठरत नाही. पोर खोडी करून पळालं की दोन्ही नावं एका दमात ओरडावी लागतात, म्हणून मागच्या ओसरीवरून आधी ओरडून बघायची. ओझेलाइतका आवाज कुणाचाच नाही, म्हणून शेल्बीनं तिला बोलावलं. ओझेलानं त्याचा भलताच अर्थ लावला. केस धुऊन, इस्त्रीचा झगा घालून आली. तिचं नाव पुढे चालवणारं दुसरं होतं कोण?

शेल्बीची सासू जेनेल शेंगांच्या शिरा काढत बसली होती.

"टेसा मे!" ओझेला ओरडली.

"आखूड वाटतं," शेल्बी म्हणाली.

"टेसा मार्गारेट!"

"एवढं म्हणेपर्यंत कार्टी ओढ्यापलीकडे जाईल," जेनेल म्हणाली.

ओझेलानं घसा खाकरला. मग कुणी न सांगता, "टेसा ओझेला!"

जेनेल फिस्सकन हसली. "अगं बाई, हे तर खोकल्याच्या औषधाचं नाव!"

"आई, पुरे ना," शेल्बी म्हणाली, पण तीही पोट धरून हसत होती.

"खरं तेच सांगते. नावाबरोबर नशीबही येतं. ना नवरा, ना पोर. माझ्या नातीला कशाला तसलं?"

"पोर नाही कसं?" ओझेला शेल्बीकडे वळली. "सांग की गं यांना."

शेल्बीनं हसून हसून आलेलं पाणी पुसलं. "मावशी, तू सांभाळलंस, मी कुठे नाही म्हणते? पण पोरीला चिडवतील गं. तू शाळेत वाढायला उभी असायचीस ना, तेव्हा मला चिडवायचे. मी सांगायचे, ती बाई आमची कुणी नाही."

हे ओझेलाला आज कळत होतं.

"आता आईंचं नाव घे," शेल्बीनं फोन उचलला. "थांब, रेकॉर्ड करते. टेसा जेनेल. मोठ्यानं हं."

ओझेला कठड्यापाशी गेली. "टेसा जे..."

"शेवट खाल्लास, मावशी. परत."

तिनं छाती भरून घेतली आणि ओरडली. ओढ्यापलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

"हे झालं नाव!" जेनेल म्हणाली.

शेल्बीनं लगेच ते नवऱ्याला पाठवलं. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आणखी एकदा, मावशी. रागावून म्हण. पोरगी घाबरली पाहिजे."

ओझेला ओरडली. फार छान जमलं.