भिकूकाकांचा आवाज आणि बीपीची गोळी

भिकूकाकांनी आमची सर्व्हिस दोन मिनिटांत नापास केली होती.

काल ते गेले. झोपेत, शांतपणे. वय ब्याऐंशी.

२००८ साल. बीपीच्या वयस्क पेशंटना मोबाइलवर गोळीची आठवण करून द्यायची, हे आमच्या छोट्या टीमचं काम.
मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्यात काकांच्या ओटीवर बसून मी मोठ्या ऐटीत एसएमएस दाखवला.

काका हसले. "गो पोरी, मोबाइल पोराच्या खिशात, पोरगा कल्याणला कामावर. गोळी त्यानं घ्यायची का?"

आणि तो मेसेज वाचणार कोण, हे तर मला सुचलंच नव्हतं.

मग रेकॉर्डेड कॉल सुरू केला. संध्याकाळी सातला, पोरं घरी आल्यावर. आवाज शहरातल्या एका ताईंचा, अगदी शुद्ध.
"कंपनीवाली बाई हाय" म्हणत म्हातारी माणसं कट करायची.

काका स्वतःही गोळी घेत नव्हते. "दुखत तं काय नाय. मंग कशाला?"

त्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या भावाला लकवा मारला. त्यानेही गोळ्या सोडल्या होत्या.

चार दिवसांनी काकांचा फोन. "ती बाई काढ. मी बोलतो."

जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत हरवलेली पोरं नि सुटलेले बैल माईकवर पुकारायचे ते काकाच. अख्खा तालुका तो आवाज ओळखायचा.

मी लिहून नेलेलं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "र्‍हाऊ दे ते." आणि रेकॉर्डरमध्ये ओरडले,
"ऐका हो! भिकू बोलतोय! गोळी घेतलीस का नाय? उठ, आधी घे!"

आता कुणी कट करेना. काहीजण तर फोनलाच उत्तर द्यायचे, "घेतो रे, वरडू नको!"

पहिल्या संध्याकाळी तो कॉल काकांच्या घरीही वाजला. काकू हसून हसून खाली बसल्या.
काकांनी गुपचूप गोळी गिळली.

दोन महिन्यांनी मुरबाडला तपासणी. काका टेम्पो भरून म्हातारे-म्हाताऱ्या घेऊन आले. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, भाऊ काठी टेकत सगळ्यांच्या पुढे.

डॉक्टर म्हणाले, "वरात कुणाची?"
"प्रेशरची!" काका म्हणाले.

काकांचं प्रेशर खरंच उतरलं होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या टेम्पोला भजी खायला नेलं, आणि डॉक्टरांनी डोक्याला हात लावला!

आज मी टोकावड्याला गेले. भाऊ दारात बसलेला.
म्हणाला, "इतकी वरसं मी चालतोय ना गो, ती दादानं दिलेली."

काका, तुमच्याकडून शिकले ते कुठल्याच कॉलेजात नव्हतं. सावकाश जा. मनापासून नमस्कार.