घाल जुनाच नंबर

मी चिडकी आहे, आधीच सांगते. सोलापुरात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं माझं दुकान आहे. दारात सतत रांग, आणि त्यात कुणी पिनकोड आठवत बसलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून सगळ्यांची नावं, पत्ते, नंबर मी ब्राउझरमध्येच साठवून ठेवायची. 'अपडेट करा' म्हणून तो कोपऱ्यात रोज कोकलायचा. पण मागच्या अपडेटनंतर अंगठ्याचं मशीन दोन दिवस बंद पडलं होतं, म्हणून मी रोज 'नंतर' दाबायची.

एकदा एक बाई मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायला आली. नवऱ्याचा मार खाऊन वैरागहून पळून आलेली, इथल्या विडी घरकुल वसाहतीत मैत्रिणीच्या खोलीत राहायची. पत्ता तिथलाच सांगितला. मोबाइल?

"त्यो तिकडंच राहिला की, ताई. नवा न्हाय घेतला अजून."

नंबराशिवाय फॉर्म पुढं सरकेना. मागची माणसं ओरडायला लागली. मी खेकसले, "अगं, घाल जुनाच! कोण मरतंय फोन करायला!" तिनं मुकाट्यानं नंबर सांगितला.

महिन्याभरानं माझ्या गिऱ्हाइकांना फोन यायला लागले. 'बँकेतून बोलतोय' म्हणत समोरचा त्यांचा पत्ता घडाघडा वाचून दाखवायचा, बरोबर आहे का विचारायचा. मग पेपरात वाचलं. त्या ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीत भोक होतं. उघडलेलं कुठलंही पान आत साठवलेलं सगळं वाचून नेऊ शकायचं. आणि मी तर फोटो लहान करायला दिवसभर नाही नाही ती फुकटची पानं उघडत होते. तिचा फॉर्म काढला. नवा पत्ता, खाली जुना नंबर. आणि तो मोबाइल तर वैरागला, नवऱ्याच्या हातात.

त्याला फोन गेलाय का, एवढंच कळावं म्हणून मी तो नंबर लावला. पुरुषाचा आवाज. मागं एसटीची घरघर.

"आता परत कशाला? पत्ता बरोबर हाय म्हणून सांगितलं की सकाळी. निघालोय मी तिकडंच."

देवा रे! शटर उघडंच टाकून मी स्कूटी काढली. वाटेत स्वतःला किती शिव्या घातल्या, मोजदाद नाही.

ती उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. मी म्हटलं, "ऊठ! तो येतोय. माझ्यामुळं येतोय गं, त्या फॉर्ममुळं."

तिनं माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. ती उठली, पोरीचे दोन फ्रॉक पिशवीत कोंबले आणि माझ्याकडं बघितलं.

"कुटं जाऊ, ताई? तुमीच सांगा. पन ह्या खेपेला कुटं लिवू नका."