'जमलेली' फोल्डरची परमिशन

भूतखेत, संकेत-बिंकेत असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कॉम्प्युटरचा माणूस मी. परमिशन असेल तर फोल्डर उघडतं, नसेल तर नाही... मधलं काही नसतं, असं मी मागच्या हिवाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगायचो.

अमरावतीत आमचं एक वधू-वर सूचक मंडळ आहे, अकोल्यात त्याची शाखा. दोन्हीकडचे बायोडाटा एकाच मेलबॉक्समध्ये येतात. त्यातलं कोणतं फोल्डर कुणाला दिसायचं, कुणी त्यात मेल टाकायची, हे ठरवणारा मी. "आमची स्थळं अकोलेवाले पळवून राहिले!" म्हणून अमरावतीत बोंब, अकोल्यात नेमकी उलटी. शेवटी वैतागून मी भिंतच घातली — अमरावतीला फक्त अमरावतीचं फोल्डर, अकोल्याला फक्त अकोल्याचं.

तिसरं फोल्डर 'जमलेली'. ते सगळ्यांना दिसायचं, पण त्यात मेल टाकायचा हक्क एकट्या सिंधूकाकूंचा. अमरावतीचं ऑफिस त्याच चालवायच्या. सुपारी फुटल्याशिवाय त्या तिथं काही टाकायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "पोरा, एक दिवस तुह्यं बी नाव इथं येईन, पाह्यजो!" मग काकू देवाघरी गेल्या. त्यांचं खातं मी बंद केलं, पण तो हक्क दुसऱ्या कुणाला द्यायला मन होईना. वर्षभर 'जमलेली'त कुणालाच काही टाकता येत नव्हतं. मलासुद्धा नाही.

अकोल्याचं ऑफिस शुभांगीताई सांभाळतात. जगाची लग्नं जुळवली बाईनं, स्वतःचं मात्र चाळिशी आली तरी जमेना. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"प्रशांतभाऊ, माहा बायोडाटा डिलीट करून टाका. पाहुण्यायले चहा पाजू पाजू थकली मी."

बोलल्या हसत, पण मला फार वाईट वाटलं. उद्या करतो म्हणालो आणि घरी गेलो.

सकाळी मी कॉम्प्युटर लावायच्या आत पुन्हा फोन! "काऊन भाऊ, मस्करी करून राहिले का माही? डिलीट करा म्हटलं तं 'जमलेली'त टाकला?"

उघडून बघतो तर खरंच. ताईंचा बायोडाटा 'जमलेली'त, आणि त्याला लागूनच दर्यापूरच्या एका शाळामास्तरांचा. तो अमरावतीच्या फोल्डरमधला होता, म्हणजे ताईंना कधी दिसलेलाच नव्हता. आणि अमरावतीत ताईंचा कुणाला दिसत नव्हता. परमिशन तपासल्या — एकही नाव नाही. लॉग पाहिला — कुणी काही हलवल्याची नोंदच नाही. अंगावर सर्रकन काटा आला... पण खरं सांगू? भीती नाही वाटली. काकूंची आठवण येऊन डोळेच भरून आले.

"ताई, मी नाही टाकला. आईशप्पथ!"

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मग हळूच, "मास्तर दिसाले तं बरा हाये हो..."

मी इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

मास्तर अकोल्याला आले. चहा प्याले आणि रिकामा कप स्वतः उचलून आत ठेवून आले. ताई म्हणतात, तिथंच त्या हरल्या. कौंडण्यपूरला देवळातच साधं लग्न झालं. अक्षता पडल्यावर नमस्कार करायला गेलो, तर नवरीनं मला दमच भरला, "भाऊ, त्या फोल्डरचा हक्क कोणालेच देऊ नका. काकू पाहून राहिल्या ना!"

दोन फोल्डरमधली भिंत मी काढून टाकली. अमरावती आणि अकोला आता समोरासमोर भांडतात, मजेत आहेत. 'जमलेली'ला मात्र हात लावलेला नाही. ओळखीतले कॉम्प्युटरवाले म्हणतात, सर्व्हरची गडबड असेल. असेलही... पण गडबडीत नेमके ते दोघंच कसे शेजारी बसले, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

आणि हो, माझाही बायोडाटा अमरावतीच्या फोल्डरमध्ये तसाच पडून आहे. रोज सकाळी ऑफिसात आलो की बाकीची कामं राहू देतो, आधी 'जमलेली' उघडून बघतो.