नंबर घालवायचा की ठेवायचा

रफूवाल्या बाईंचा चष्मा कामाच्या वेळी कपाळावर असे. उणे पाचचा नंबर; चष्म्याशिवाय समोरून येणारा माणूस ओळखू येत नसे, पण चष्मा वर सरकवून कापड नाकाशी धरलं की लोकरी कोटातला एकेक धागा मोजता येई. सव्वीस वर्षं त्यांनी जळके, कुरतडलेले कपडे असे सांधले, की गिऱ्हाईकच विचारी, "फाटलं होतं ते कुठंय?"

दोन वर्षांपूर्वी उजवा डोळा चिघळला आणि बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर पांढुरका डाग ठेवून गेला. तेव्हापासून दिव्याखाली सगळं धुरकट. एकट्या डाव्या डोळ्याला धागा वर आहे की खाली, याचा अंदाज येईना. गेल्या महिन्यात एका बाहीची वीण चुकली. गिऱ्हाइकाने नेमकं तिथे बोट ठेवलं. ते बोट बाईंच्या मनातून जाईना.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाग वरवरचा आहे. लेझरने बराचसा निघेल, अगदी सगळा नाही. सोबत दोन्ही डोळ्यांचा नंबरही घालवता येईल."

नवरा खूश. "बघ, चष्माही गेला! लग्नापासून मला आवाजावरूनच ओळखत आलीस."

"म्हणून तर टिकले," बाई म्हणाल्या.

"पण सत्तेचाळिसाव्या वर्षी नंबर गेला," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "की जवळचं बघायला चष्मा लागेल."

"म्हणजे दिसत नाही ते दिसेल, आणि दिसतं ते दिसणार नाही?"

"चष्म्याने दिसेल की."

"आत्तासारखं?"

"साधारण."

त्या 'साधारण'ने सगळा घोळ केला. बाहेर बाकावर बसून बाईंनी नवऱ्याला विचारलं, तर म्हणे तुझा डोळा, तू ठरव. ठरवू लागल्या, तर म्हणे घाई नको. एवढ्यात काउंटरवरची मुलगी ओरडली, "बाई, तुमचा नंबर गेला!"

बाई ताडकन उठल्या. "मला न विचारता?"

"चिठ्ठीवरचा हो! ऑपरेशनची तारीख घ्यायला तीनदा पुकारलं."

बाकांवर हशा पिकला. बाई मात्र तशाच आत गेल्या. "डाग काढा. नंबर राहू द्या."

"इथे लोक नंबर घालवायला येतात," डॉक्टर म्हणाल्या.

"येऊ देत. ठेवता येतो की नाही?"

"डाग काढताना थोडा हलेल, पण साधारण ठेवता येईल."

"परत साधारण!"

"त्याहून पक्कं सांगितलं तर खोटं होईल. कापड धरता किती अंतरावर? नंबर त्यावर बेतायचा."

बाईंनी चष्मा वर केला आणि रुमाल नाकासमोर धरला. जरा पुढे नेला, जरा मागे आणला. डॉक्टर पट्टी घेऊन ताटकळल्या.

"कळेना हो. रोज बघते, पण कुठून बघते ते कधी बघितलंच नाही. सुई आहे का? सुई हातात आली की हात जागेवर येतो."

"माझ्याकडे इंजेक्शनची आहे," डॉक्टर हसल्या. "तारीख सध्या राहू द्या. उद्या काम घेऊन या, इथेच बसा. तुम्ही रफू करा, मी मोजते."