शेवटी ताईंच्या टेबलावर

सकाळी खुर्चीत बसायच्या आधी आमच्या टेलिफोन ऑपरेटर ताई उभ्यानंच रिसीव्हर उचलायच्या आणि कारखान्यातला एकेक फोन लावून बघायच्या. पलीकडून माणूस बोलेपर्यंत चेहरा ओढलेला. आम्ही म्हणायचो, ताई, वाजून राहिला की. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"वाजला म्हणजे पोचला न्हाई. उचलला की पोचला."

लातूरजवळच्या आमच्या कारखान्यात सोयाबीनचं तेल निघतं. बियांतून तेल ओढून काढणारं रसायन, म्हणजे सॉल्व्हंट, पेट्रोलसारखं पेटतं, म्हणून आत मोबाईल बंद. फोन सगळे इंटरनेटवरचे. कुठला कॉल कुणाकडं वळवायचा, ते ताई कॉम्प्युटरवर ठरवायच्या. मी सॉल्व्हंटच्या टाकीवर. तिथला मुख्य व्हॉल्व्ह इतका जड, की दोघांशिवाय फिरत नाही. माझा जीव तुमच्या हातात बघा, असं मी चेष्टेनं म्हणायचो. त्या हसायच्या नाहीत.

भित्र्या इतक्या, की विचारू नका. तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं माणूस. लाईट गेली की आधी त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

श्रावणातल्या एका सोमवारी उपास सोडायला सगळे एकदमच कँटीनला गेले. जाताना लॅबवाल्यानं आपला फोन शिफ्ट ऑफिसकडं वळवला, शिफ्टवाल्यानं लॅबकडं. दोघंही निर्धास्त. इकडं टाकीवर गळतीचा वास सुटला. मी फोन लावला, तर तो दोन रिकाम्या खोल्यांतच फिरून राहिला. ताईंना ते पडद्यावर दिसलं, आणि ती बाई अनवाणी कँटीनपर्यंत पळाली. माणसं आली, व्हॉल्व्ह बंद झाला.

"तू लावून राहिलास अन् कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या. "लई भ्याले रे मी."

त्या दिवसापासून कुणीच न उचललेला फोन शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. डबासुद्धा त्या फोनशेजारी बसूनच खायच्या. आम्ही चिडवायचो, पण मला फार आधार वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या, घरीच, झोपेत. खोलीला कुलूप लागलं. नवा माणूस नेमू म्हणाले. फोन तसाच राहिला.

परवा दुपारी पुन्हा तो वास आला. मी टाकीजवळच्या केबिनमधून फोन लावला. लॅबमध्ये कुणी नाही. शिफ्ट ऑफिसातही नाही. मग समोरच्या कुलूपबंद खोलीत ताईंचा फोन वाजायला लागला. रिसीव्हर तसाच लोंबता सोडून मी व्हॉल्व्हकडं धावलो आणि ओरडत, रडत एकटाच तो फिरवायला लागलो. कसा फिरला, देव जाणे.

माणसं धावत आली तेव्हाही ताईंचा फोन वाजतच होता.