गावदेवीची मरळ

हिवताप उतरला, पण बाबांची भूक काही परत आली नाही. "आता अन्न हेच औषध," असं कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि बाबा तर पेजेच्या वाटीकडे मी तिच्यात एरंडेल मिसळल्यासारखे बघायचे. आई नव्हती, म्हणून मीच सासरहून डोंबिवलीजवळच्या आमच्या गावी राहायला आले होते. गावदेवीची ओटी भरून म्हटलं, "बये, यांच्या पोटात दोन घास जाऊ देत." बरेच दिवस गेले, घास काही जाईना. देवीला कमी ऐकू येतं की काय, अशी मला शंका येऊ लागली.

एका सकाळी बाबा आपणहून म्हणाले, "मना मरलीचा कालवन खावासा वाटतं. पन मरल माझ्या हातानं धरलेली पायजे गो बाय."

मरळ आजाऱ्याला ताकद देते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला तर देवीच पावली असं वाटलं. माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधली आणि बाबांना धरून गावदेवीच्या देवळाजवळच्या तलावावर नेलं. काठावर बसताच त्यांच्यात जीव आला. गळाला बेडकी लावताना माझ्यावरच डाफरले, "तोंड मिट, तुझ्या बरबरीनं मासं पलतान!" इतक्या दिवसांनी त्यांचं ओरडणं ऐकून मला हसूच आलं.

दुपार कलली तेव्हा काठी वाकली. मी मागून बाबांची कंबर घट्ट धरली. शेवटी हातभर लांब मरळ वर आली. मी मनात खोबरं वाटायलाही घेतलं होतं. बाबांनी ती कपाळाला लावली, गळ सोडवला आणि अलगद पाण्यात सोडून दिली.

दिवसाचा पहिला मासा गावदेवीचा, ही आमची रीत. आनंदाच्या भरात मी ती विसरलेच होते.

"बाबा, आजच्या दिस तरी ठेवाची ना!"

"तिची व्हती. तिला देल्याबिगर आपन कसा खावाचा?"

त्यानंतर गळाला साधी काडीही लागली नाही. मला देवीचा असा राग आला की देवळाकडे पाठ करून बसले. डोळे भरून आले होते. तेवढ्यात मागे चपचप आवाज आला. वळून बघते, तर माझं फडकं बाबांच्या मांडीवर सोडलेलं आणि बाबा जवळ्याच्या चटणीशी भाकरी खात होते. एक संपली, दुसरीही संपत आली होती.

"भूक लागली गो," ते ओशाळून म्हणाले. "आजून हाय का?"

मी दोन घास मागितले होते. मरळीचं नाव मी घेतलंच नव्हतं. मागावं आपण, कशातून द्यायचं ते तिच्यावर सोडावं, एवढंच मी त्या दिवशी शिकले. देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि उपाशीपोटी, बाबांचा हात धरून, वाटभर हसत घरी आले.